पाच ओंजळी डाळ

चण्याची डाळ रात्रभर भिजली की तिला एक वास येतो. ओल्या पोत्याचा, किंचित आंबूस आणि मागून गोडसर. पुरण घालणाऱ्या बायकांना तो सणाचा वास वाटतो. मला मात्र तो सोसत नाही. पाडवा झाला, ऊन चटके द्यायला लागलं, लग्नाच्या तिथी निघाल्या, की चिखलीच्या गल्ल्यांमधून हा वास सकाळपासून फिरायला लागतो. यंदाही लागला आहे. काल शेजारच्या घरी लग्नाची डाळ भिजत घातली होती आणि आज मी माझ्या सेंटरची त्या बाजूची खिडकी दिवसभर लावून ठेवली. कूलर आत ओलसर हवा फेकत होता, पेशंट घामाघूम होऊन म्हणत होते, मॅडम, खिडकी उघडा ना. मी म्हटलं, धूळ येते.

मी एक्स-रे काढते. गेली चौदा वर्षं हेच करते. पडलेल्या म्हाताऱ्या, खोकणारे बाबा, झाडावरून घसरलेली पोरं यांना मी काचेपलीकडून दिवसातून शंभरदा सांगते, श्वास रोखा, हलू नका, सोडा आता. लोकांना वाटतं, माणसाच्या आतलं रोज बघणारी बाई धीट असणार. माझ्या घरच्यांना खरं काय ते माहीत आहे. पालीला, विजेला, जिन्यावरच्या अंधाराला, कुत्र्याला आणि चारचाकी चालवायला मी भिते. आई मला लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणते, आणि आता माझी मुलगी म्हणते. या यादीत सगळ्यांत वर घोडा आहे. घोड्यानं मला कधी लाथ मारली नाही, कधी चावला नाही. काही घडलेलंच नाही, त्यामुळे माझ्या भीतीला सांगण्यासारखं कारणही नाही. घोड्याचं तोंड जवळ आलं, ती पिवळ्या दातांची रांग दिसली, की माझे हात आपोआप मागे जातात.

सेंटरसमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावरून लग्नाच्या घोड्या जातात. आधी बँड येतो, मागून घोडी. बँडच्या गोंगाटातही मला टापा वेगळ्या ऐकू येतात. पेशंट टेबलावर झोपलेला असतो, मी बटणावर बोट ठेवून उभी असते, आणि कान बाहेर असतात. एक, दोन, तीन, चार. चारही सारख्या पडल्या की मी बटण दाबते. दोन वर्षांपूर्वी मला ही सवय नव्हती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचं, पंकजचं लग्न झालं. आमच्याकडे नवरदेव मारुतीच्या दर्शनाला घोडीवरून निघतो, त्याला परण्या म्हणतात. तो घोडीवर चढण्याआधी त्याची बहीण घोडीला घास देते. भिजवलेली चण्याची डाळ, त्यात कुस्करलेला गूळ. पाच ओंजळी. बहिणीनं आपल्या हातानं, घोडीच्या तोंडाशी ओंजळ धरून द्यायचा. गल्लीतल्या प्रत्येक घरून मूठ मूठ डाळ येते, कारण नवरदेव सगळ्या गल्लीचा असतो. त्यामुळे पाच ओंजळींसाठी बादलीभर डाळ जमते. उरलेली नंतर गल्लीतल्या गाई-म्हशींना वाटून टाकतात. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि पंकज दहावीला असल्यापासून एक दिवस मला हे करावं लागणार आहे, या विचारानं मी धास्तावलेली होते. एका भावाला एकच बहीण असली की सुटका नसते.

घोडी उंद्रीहून आली होती. पांढरीशुभ्र, माझ्या डोक्यापेक्षा उंच पाठीची, आणि नाव चिमणी. ते नाव ऐकून सगळी पोरं हसली. तुळशीरामभाऊ तिचे मालक. साठीच्या आसपासचे, दोन-तीन एकर शेती आणि ही घोडी, एवढा त्यांचा पसारा. बोलताना ते माणसांकडे कमी आणि चिमणीकडे जास्त बघत. त्यांनी तिला आमच्या दारच्या कडुनिंबाखाली बांधलं. फेटा बांधणारा आलाच नव्हता, त्यामुळे नवरदेव आत बनियनवर बसला होता आणि सगळे फेटेवाल्याला फोन लावण्यात गुंतले होते. तुळशीरामभाऊंना कोणीतरी मांडवात चहाला बोलावलं. जाता जाता ते मला म्हणाले, "ताई, पाच ओंजळी घाला. भेऊ नका, ते लय गरीब हाय."

मी बादली घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. नऊवारी, नाकात नथ, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. एक ओंजळ भरली. चिमणीनं मान खाली आणली, नाकपुड्या फुगवल्या, वरचा ओठ उचलला. मला दात दिसले. ओंजळ माझ्या हातातून तिथंच सुटली आणि डाळ मातीत पडली. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. मी बादली तिच्या पुढ्यात सरकवली, पाठ फिरवली, आणि ओवाळणीचं ताट आणायचं निमित्त करून घरात शिरले.

मी आत किती वेळ होते ते सांगता येत नाही. ताटात कुंकू होतं, तरी मी कुंकू शोधत राहिले. मनात म्हणत होते, अजून पाच मिनिटं, म्हणजे कोणीतरी बादली उचलेल. शेवटी फेटेवाला आला, हाका सुरू झाल्या, मी बाहेर आले, तेव्हा बादली रिकामी होती. तळाला गुळाचं पाणी चमकत होतं. मामींनी विचारलं, झाला का गं घास देऊन? मी म्हटलं, झाला. बादली मी स्वतः नळाखाली विसळली आणि पालथी घातली. परण्या वाजत गाजत गेला, पंकज हसत होता, चिमणी ठुमकत होती. मला हायसं वाटलं, की एक मोठं संकट टळलं.

ते दिवस आठवताना मला नेहमी उकाडा आठवतो. लग्नघरातल्या गाद्या, पंख्याखाली पसरलेल्या बायका, बर्फ घातलेलं पातेलंभर कैरीचं पन्हं. आमच्या अंगणात बर्फाच्या दोन लाद्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या होत्या आणि पोरं त्यांचे तुकडे चोखत होती. मला तेव्हा कोणी सांगितलं असतं, की त्या लाद्या कुठे लागणार होत्या, तर मी त्या डोक्यावर घेऊन उंद्रीला चालत गेले असते. पण कोणी सांगणार कसं? जिला माहीत होतं तिनं बादली विसळून ठेवली होती.

लग्नानंतर पाच-सहा दिवसांनी मी सेंटर उघडलं. हळदीचे हात अजून पिवळेच होते. दुपारी जनावरांचे डॉक्टर इंगळे आले. तिशीतला माणूस, बोलताना सारखा चष्मा पुसणारा. त्यांना माझं हलवता येणारं मशीन हवं होतं, जे मी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी नेते. एका घोडीच्या पायाचा एक्स-रे काढायचाय, म्हणाले. साधा नव्हे, रक्तवाहिन्यांचा. मी विचारलं, कुठली घोडी? ते म्हणाले, उंद्रीची, लग्नाची आहे, पांढरी.

मी खुर्चीवर बसले. ते समजावत होते आणि मी ऐकत होते, म्हणजे कान ऐकत होते. घोड्याच्या खुराच्या आत एक हाड असतं. ते खुराच्या भिंतीला बारीक बारीक पापुद्र्यांनी धरून ठेवलेलं असतं. सगळ्या घोड्याचं वजन त्या पापुद्र्यांवर. त्यांना केसासारख्या वाहिन्या रक्त पुरवतात. ते रक्त पोचेनासं झालं, की पापुद्रे सुटायला लागतात आणि हाड आतल्या आत खाली सरकतं. नुसत्या एक्स-रेत हाड दिसतं, रक्त दिसत नाही. म्हणून पायाला वर घट्ट पट्टा बांधायचा, खालच्या शिरेत रंगाचं औषध सोडायचं, आणि ते मागे फिरायच्या आत, मिनिटाभरात, फोटो घ्यायचे. जिथवर रंग गेला तिथवर रक्त जातं. जिथं गेला नाही, तिथं काय उरलंय ते कळतं. तेच औषध आम्ही किडनीच्या तपासणीला वापरतो, माझ्या कपाटात त्याच्या बाटल्या होत्या. त्यांनी हे कॉलेजात दोनदा पाहिलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं.

मी विचारलं, कशानं होतं हे? ते म्हणाले, बऱ्याच कारणांनी, पण दाणा जास्त खाल्ल्यानं फार वेळा होतं. एकदम बादलीभर दाणा पोटात गेला की दोन दिवसांत पायात उतरतो. आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "पण मालक म्हणतो, तसं काही झालं नाही. मग वाचवायचं की झोपवायचं, हे त्या फोटोवरच ठरेल."

झोपवायचं, हा शब्द त्यांनी किती सहज वापरला. मी नाही म्हणू शकले असते. मशीन बिघडलंय, वेळ नाही, जनावरांचं मी करत नाही. यातलं एकही तोंडातून निघालं नाही. घोडीची भीती एका बाजूला होती आणि त्याहून मोठी भीती दुसऱ्या बाजूला, की मी गेले नाही तर तो फोटो निघणारच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मशीन गाडीत घालून उंद्रीला गेलो. गोठ्यात चिमणी उभी होती, पण ते उभं राहणं बघवत नव्हतं. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, सगळा भार मागच्या पायांवर, मान खाली. तव्यावर उभं केल्यासारखी. ठुमकणारी पांढरी घोडी ती हीच, हे पटायला मला वेळ लागला. डॉक्टरांनी तिच्या खुराच्या वर बोटं ठेवली आणि मलाही ठेवायला सांगितली. मी नको म्हटलं. तुळशीरामभाऊ तिच्या मानेशी उभे होते. त्यांची दाढी वाढली होती. ते सांगत होते, की तुमच्याकडून परत आणली, दुसऱ्या दिवशी साखरखेर्ड्याचं लग्न होतं, तिथं भर उन्हात डांबरी रस्त्यानं मिरवली, तिसऱ्या दिवशी तिनं पाय टाकला नाही. सगळं त्यांनी त्या डांबरी रस्त्यावर आणि स्वतःवर घेतलं होतं.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, दाणा जास्त पडला होता का? कुठल्या लग्नात?

"नाई साहेब. पाच ओंजळीच्या वर मी कोनाले घालूच देत नाई," तुळशीरामभाऊ म्हणाले. म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, चिमणीच्या आयाळीतून हात फिरवत होते. मी मशीनची वायर उलगडत होते. ती आधीच उलगडलेली होती.  आता बोल, असं मी स्वतःला म्हटलं. आणि वायर पुन्हा गुंडाळायला घेतली.

मशीन लावलं तर व्होल्टेज पुरेना. मशीनचा काटा वर चढायचा आणि पुन्हा खाली बसायचा. तुळशीरामभाऊंच्या पत्नी गल्लीत गेल्या आणि दारोदार सांगून आल्या. वैशाखातल्या त्या उन्हात सगळ्या गल्लीनं आपापले कूलर, पंखे, पिठाची गिरणी बंद केली. एकदम इतकी शांतता पडली की माश्यांचा आवाज ऐकू यायला लागला. माणसं घाम पुसत दारात येऊन उभी राहिली, लांबूनच, कारण मी त्यांना लांब राहायला सांगितलं होतं. ज्या गल्लीनं डाळ दिली ती माझी होती, आणि ज्या गल्लीनं वारा बंद केला ती चिमणीची.

डॉक्टरांनी तिला गुंगीचं इंजेक्शन दिलं, पाय बधिर केले. पुढचे दोन्ही पाय लाकडी ठोकळ्यांवर ठेवले. मी शिशाचा एक एप्रन स्वतः घातला, एक तुळशीरामभाऊंना दिला, तिसरा डॉक्टरांना. मशीनचं डोकं जमिनीपर्यंत खाली आणलं. आणि मग कळलं, की कॅसेट, म्हणजे फोटो ज्यावर उमटतो ती चपटी पाटी, खुराला टेकवून कोणीतरी धरावी लागणार आहे. तुळशीरामभाऊंच्या हातात तिचं डोकं होतं, डॉक्टरांच्या हातात सिरिंज. बटणाची वायर लांब होती. उरले मी. लांब दांडीचा चिमटा माझ्याकडे होता, त्यात कॅसेट अडकवून मी गुडघ्यांवर बसले. माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर तिचा खूर होता. त्यातून ऊब येत होती. मी आयुष्यात घोड्याच्या इतकी जवळ कधी गेले नव्हते, आणि ज्या पायाशी बसले होते तो पाय मीच असा केला होता.

पट्टा आवळला गेला. डॉक्टरांनी शिरेत सुई घातली, पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा रक्त आलं. तेही नवखेच, हे बघून मला उलट थोडा धीर आला. रंग आत जायला लागला. ते म्हणाले, आता. आणि माझ्या तोंडून चौदा वर्षांच्या सवयीनं निघून गेलं, "श्वास रोखा."

दारातल्या सगळ्या माणसांनी श्वास रोखला. तुळशीरामभाऊंनी रोखला. मला खरंच दिसलं, त्यांची छाती हलायची थांबली. फक्त चिमणी श्वास घेत होती, जड आणि लांब. मी बटण दाबलं. कॅसेट बदलली, दुसऱ्या बाजूनं दाबलं. मग दुसरा पाय, पुन्हा सुई, पुन्हा रंग. शेवटचं बटण दाबलं तेव्हा कोणीतरी विचारलं, सोडू का आता? मी म्हटलं, सोडा.

माझ्याकडे तेव्हा कॅसेटचं मशीन होतं. फोटो निघाला की नाही हे तिथल्या तिथं कळत नाही, सेंटरवर नेऊन कॅसेट वाचणाऱ्या यंत्रात घालावी लागते. उंद्री ते चिखली मी चारही कॅसेट मांडीवर घेऊन बसले होते. पुढे डॉक्टर गाडी चालवत होते, शेजारी तुळशीरामभाऊ.  रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून उताणी पडलेली शेतं, मध्येच एखादा मांडव, त्यावरची पिवळी झालेली आंब्याची पानं. माझ्या मांडीवर निकाल होता आणि तो बंद होता. मी मनात दोन प्रार्थना करत होते. एक, की फोटो बिघडलेले निघोत, म्हणजे काही ठरणार नाही. दुसरी, की नीट निघोत, कारण पुन्हा तिच्या पायात सुई घालायला लावणं मला जमणार नव्हतं. दोन्ही प्रार्थना एकाच देवाला चालल्या होत्या आणि त्या देवाची मला कीव आली.

डाव्या पायाचा फोटो पडद्यावर हळूहळू वरून खाली उमटत गेला. मी हजारो फोटो पाहिले आहेत, पण असा नाही. खुराच्या आत मेथीच्या जुडीला असतात तशी पांढरी मुळं पसरली होती. मागे दाट, खाली दाट, पुढच्या बाजूलाही टोकापर्यंत, जरा विरळ पण गेलेली. डॉक्टर हसले, चष्मा पुसला. हा पाय जगतो म्हणाले.

मग उजवा. मागे मुळं होती. खाली अर्ध्यापर्यंत होती. पुढच्या बाजूला, जिथं घोडं पाऊल टाकतं तिथं, काही नव्हतं. रंग एका रेषेपाशी येऊन थांबला होता आणि पुढे नुसता काळा भाग. कोरा. मी उजेड कमी केला, वाढवला, फोटो मोठा केला. कोरा तो कोराच राहिला. तुळशीरामभाऊंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते पडद्याऐवजी आमची तोंडं बघत होते, आणि तोंडांवरून त्यांना कळलं.

डॉक्टरांनी फोटो पुन्हा एकदा वरून खाली पाहिला. मग म्हणाले, डांबराच्या माराचं असेल तर हा भाग इथंच थांबेल, आराम दिला की बघता येईल. दाण्याचं असेल तर डावाही त्याच वाटेनं जाऊ शकतो, आजच दोन्ही पायांना आधार बांधावा लागेल. "आणि दाण्याचं असतं आणि पहिल्या दिवशी कळलं असतं, तर बर्फाच्या पाण्यात पाय ठेवून उभी केली असती. दोन दिवस. बर्फ काय, लग्नसराईत कुठेही मिळतो."

आमच्या अंगणातल्या लाद्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी म्हटलं, "दाण्याचंच आहे. सगळी बादली खाल्ली तिनं. मी ओंजळीनं दिलीच नाही, मला भीती वाटली. बादली पुढं ठेवून मी आत पळाले."

 मी तुळशीरामभाऊंकडे बघू शकत नव्हते. ते ओरडतील, शिव्या देतील, निदान मान फिरवतील, असं मला वाटलं होतं. ते खाली बघत म्हणाले, "मले मालूम हाय, ताई. बादली तुमी विसळाच्या आंदी मी पाह्यली होती. चिमणीच्या मिशाले डाळ लागेल होती."

डॉक्टर चिडले. सहसा आवाज न चढवणारा माणूस, पण चिडले. मग मला सांगितलं काऊन नाही, दोनदा विचारलं मी, म्हणाले.

"काय सांगू साहेब," तुळशीरामभाऊ म्हणाले. "नवरदेवाच्या बहिणीच्या हातचा घास होता तो. त्यानं जनावर पडलं असं मी म्हनलो, तर लोक काय म्हनतीन? त्या पोराचा संसार सुरू व्हाच्या आंदी त्याले बट्टा लागते. मले वाटलं, पचवीन ते. आजवर समदं पचवलं तिनं."

मी रडले. पेशंट बाहेर बाकावर बसलेले होते, त्यांनी ऐकलं असेल. माझ्या भावाच्या संसाराला बोल लागू नये म्हणून या माणसानं आपल्या घोडीचे पहिले दोन दिवस गमावले होते. आणि मी ते दोन दिवस कुणालाही न वाचवता, नुसती आपली फजिती लपवायला गमावले होते. आम्ही दोघांनी एकच गोष्ट लपवली. त्यातली त्यांची लाज मला मोठी वाटत नाही. माझी वाटते.

चिमणी जगली. हे मी आधीच सांगायला हवं होतं कदाचित, पण त्या उन्हाळ्यात आम्हाला कोणाला ते आधी कळलं नव्हतं. रोज सकाळी उठले की पहिला विचार तिचाच यायचा. फोन वाजला आणि त्यावर उंद्रीचं नाव दिसलं की उचलायला हात धजत नसे. तुळशीरामभाऊंनी गोठ्यात नदीची वाळू आणून टाकली, गुडघाभर. तिच्या खुरांच्या मागच्या बाजूला आधाराचे पॅड बांधले गेले. दाणा कायमचा बंद. मी आठ दिवसांनी पुन्हा गेले, गल्लीनं पुन्हा कूलर बंद केले, पुन्हा सगळ्यांनी श्वास रोखला. कोऱ्या भागात काही नव्हतं. महिन्यानं गेले, तरी नव्हतं. डावा पाय तेवढा टिकला. पावसाळ्यात, सोयाबीन फुलावर होतं तेव्हा गेले, तर त्या कोऱ्या भागाच्या कडेला दोन धागे आलेले होते. दोनच, आणि तेही इतके बारीक की डॉक्टरांना दाखवायला मला बोट पडद्याला टेकवावं लागलं. ते धागे घरी येऊन मी मुलीला सांगितले, आईला सांगितले, पंकजला सांगितले. पंकज म्हणाला, ताई, तू माझ्या लग्नाच्या अल्बमपेक्षा त्या घोडीचे फोटो जास्त बघतेस. त्याला मी सगळं सांगितलेलं नाही. त्याला आता मुलगी झाली आहे, संसार छान चालला आहे, आणि तुळशीरामभाऊंनी जे झाकलं ते मी उघडायचं म्हणजे त्यांनी सोसलेलं वाया घालवल्यासारखं होईल. हा लेख त्यानं वाचला तर त्याला कळेल. कळू दे.

तरी भीती गेली नाही. लोक म्हणतात, एकदा भीतीच्या तोंडाशी गेलं की ती जाते. मी पाच-सहा वेळा त्या खुराशी गुडघे टेकून बसले आहे, आणि दर वेळी चिमटा होईल तितका लांबून धरला आहे. मला आता फक्त इतकं कळतं, की भीती ही एकट्या माझ्या मालकीची गोष्ट नाही. मी भ्याले की तिची किंमत दुसरं कोणीतरी चुकवतं, आणि बहुतेक वेळा ते बोलू न शकणारं असतं. सेंटरमध्ये म्हाताऱ्या बायका मला विचारतात, बाई, मशीनमध्ये काही होत नाही ना? आधी मी म्हणायचे, काही नाही हो, एवढं काय भिता. आता म्हणत नाही. आता मी त्यांचा हात धरते आणि विचारते, कशाची भीती वाटते ते सांगा. काही जणी सांगतात.

मागच्या आठवड्यात मी उंद्रीला गेले होते. या खेपेला फोटो नव्हता. तुळशीरामभाऊंचा फोन आला होता, की येऊन जा, काही वाईट नाई. गोठ्याबाहेर लिंबाच्या सावलीत चिमणी उभी होती, चारही पायांवर. परण्याला ती आता कधीच जाणार नाही. त्या दिवशी गावात कोणाचं तरी लग्न होतं, बँड वाजत होता, आणि तिचे कान त्या दिशेला वळलेले होते. तिला ते सूर ओळखीचे असणार. तुळशीरामभाऊंनी वाळलेलं गवत भिजवून, निथळून टोपलीत ठेवलं होतं. त्यांनी टोपली माझ्यासमोर ठेवली.

"हात सपाट ठेवा, ताई. अंगठा बाजूले चिकटवून घ्या," ते म्हणाले.

मी मागे सरकले. त्यांनी आग्रह केला नाही, ते चहा प्यायला गेले नाहीत. ते माझ्या बाजूला उभे राहिले. मी गवत उचललं, दोन्ही हात एकमेकांना लावून सपाट केले आणि पुढे धरले. बांगड्या वाजायला लागल्या. चिमणीनं मान खाली आणली. आधी तिचा श्वास हातांवर आला, गरम. मग ओठ आले. मी डोळे गच्च मिटले आणि दातांची वाट बघत राहिले.

दात आलेच नाहीत. तळहातावरून काहीतरी अतिशय मऊ, धुतलेल्या जुन्या लुगड्यासारखं, चाचपडत फिरलं, एकेक काडी वेचली आणि निघून गेलं. मी डोळे उघडले. हात रिकामे होते आणि कुठे साधा ओरखडा नव्हता. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी बादली ठेवून पळाले होते.

मी पाच ओंजळी दिल्या. पाचवी झाल्यावर थांबले आणि टोपली बाजूला केली. तुळशीरामभाऊंनी तिचा दोर सोडला आणि तिला पाण्याकडे वळवलं. ती चालायला लागली तेव्हा मी सवयीनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, आणि मग जराशा उशिरानं, जपून ठेवलेली, चौथी.